मदत मिळणेबाबतचा स्पॅनिश अर्ज

मिस्तरींनी आयुष्यात कुणाकडे मदत मागितली नव्हती. या गोष्टीचा त्यांना इतका अभिमान होता, की तो घरात एखाद्या जास्तीच्या कपाटासारखा जागा अडवून बसे.

कपाटावरून आठवलं. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक लोखंडी कपाट घेतलं आणि ते एकट्यानंच जिन्यातून वर चढवायला काढलं. दुसऱ्या वळणावर कपाट भिंत आणि कठडा यांच्यामध्ये असं बसलं, की ना वर सरके ना खाली. मिस्तरी कपाटाच्या वरच्या अंगाला अडकले. खालून येणारा प्रत्येक जण विचारी, "मिस्तरी, हात लावू का?" मिस्तरी सांगत, "नको, जरा टेकलोय." दुपारचं जेवण त्यांनी जिन्यातच केलं. ताट बायकोनं आणून दिलं, पण "मी मागितलं नव्हतं" हे आधी स्पष्ट झाल्याशिवाय त्यांनी घास उचलला नाही. शेवटी शेजाऱ्यांनी त्यांना न विचारताच कपाट वर नेलं, तेव्हा मिस्तरी महिनाभर त्या सगळ्यांवर नाराज होते.

अशा माणसाच्या घरी स्पॅनिश बोलणारी विहीण यायची होती.

मुलगा कामासाठी दूर देशी गेला होता, तिथून येताना लग्न करूनच आला. सुनेनं मराठी सासूच्या स्वयंपाकघरात उचललं. त्यामुळे तिचं मराठी चांगलं होतं आणि त्यातला टोमण्यांचा भाग तर अगदी अस्सल होता. आता तिचे दिवस भरत आले होते आणि बाळंतपणासाठी तिची आई येणार होती. विहीणबाईंना स्पॅनिशखेरीज कुठल्याही भाषेतलं अक्षर येत नव्हतं.

एका संध्याकाळी मुलानं चहा पिता पिता विषय काढला. "बाबा, दवाखान्याजवळ एक छोटं घर भाड्यानं बघितलंय. बाळ झालं की काही महिने आम्ही तिकडेच राहू."

"का? इथं पाणी येत नाही?" मिस्तरींनी विचारलं. माणसानं राहतं घर सोडावं असं दुसरं सबळ कारण त्यांना माहीत नव्हतं.

"पाण्याचा काय संबंध? मी कामावर, ही अंथरुणाला, आई बाजारात. घरात शुद्धीवरची माणसं दोनच, तुम्ही आणि सासूबाई. अन् कडेवर तान्हं मूल. काही झालं तर? तुम्ही त्यांना हाक मारणार आहात का? तुम्ही मराठीतून कुणाला मारत नाही, स्पॅनिशमधून कसली मारता!"

"आणि मारली तर?"

मुलानं कप खाली ठेवला. "त्यांच्याकडे एकदा नीट मदत मागून दाखवा. घर रद्द करतो. शब्द दिला."

बाळाला आंघोळ घालायला बरा पडावा म्हणून मागच्या खोलीत मिस्तरींनी आधीच एक बुटका नळ बसवला होता. त्याला गरम पाण्याची जोडणीही दिली होती. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती आणि आता सांगण्यात अर्थ उरला नव्हता. बाळच तिकडे गेलं, तर एवढ्या बुटक्या नळाखाली आंघोळीला बसणार कोण?

दुसऱ्या दिवशी मिस्तरींनी स्पॅनिश शिकायचं ठरवलं, म्हणजे तेवढं एकच वाक्य शिकायचं ठरवलं.

बातमी वसाहतीत पसरायला वेळ लागला नाही. आधी आले कप्तान. हे समोरच राहत. आयुष्यभर जहाजावर आचारी होते, पण आचाऱ्याला कुणी आचारी म्हणत नसल्यानं सगळे त्यांना कप्तान म्हणत. "स्पॅनिश? त्यात शिकायचं काय?" कप्तान म्हणाले. "मी सगळी बंदरं बघितली. भाषा कुठलीही असो, मोठ्यानं बोललं की समजते. आणखी समजत नसेल तर आणखी मोठ्यानं. पाव कितीला, असं मी नुसतं मराठीत ओरडायचो. पाव मिळायचा."

"मला पाव नकोय. मदत पाहिजे."

"मग त्याहून मोठ्यानं," कप्तान म्हणाले.

खालच्या मजल्यावर हेडक्लार्क राहत. तेही त्याच खात्यातून निवृत्त झालेले. मिस्तरींचा त्यांच्यावर विश्वास होता, कारण खात्यात त्यांनी फिरवलेला कागद कधी परत आला नव्हता. ते मुळात कुठलाच कागद परत येऊ देत नसत, हा भाग निराळा. हेडक्लार्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत विचारलं, "मदत तोंडी मागणार की लेखी?"

"तोंडी. समोरासमोर."

"तोंडी मागण्याला भीक म्हणतात, मिस्तरी. तुम्ही खात्यात तोंडी तक्रारीवर कधी पाना उचलला होता का?"

हे मात्र खरं होतं. रस्त्यात पाइप फुटून कारंजं उडत असलं, तरी मिस्तरी शेजारी उभे राहून "अर्ज दिलाय का?" असं विचारत. लोक चिडत. मिस्तरींना वाटे, यात चिडण्यासारखं काय आहे? अर्जात माणसाचा मान राहतो. अर्ज करणारा मागत नसतो, अर्ज करत असतो.

"तेव्हा मसुदा अर्जाचाच घ्या," हेडक्लार्क म्हणाले. "तोच पाठ करा. प्रसंग येईल तेव्हा सबंध म्हणा. विषय, कारण, विनंती, क्षमा, आपला विश्वासू. यातलं एक जरी गळलं तरी अर्ज फेटाळला जातो."

त्यांनी बसल्या बैठकीला मसुदा केला. विषय, मदत मिळणेबाबत. महोदया, सविनय आदरपूर्वक आपणांस विनंती करण्याची परवानगी घेतो की, मी अडचणीत असून, तरी मेहेरबानी होऊन आपले अमूल्य साहाय्य मिळावे. आजवर दिलेल्या व यापुढे द्याव्या लागणाऱ्या तसदीबद्दल क्षमा असावी. आपला आज्ञाधारक सेवक.

मिस्तरींनी तो दोनदा ऐकला. त्यांचे डोळे किंचित पाणावले. अशी मदत मागायची असेल तर माणूस रोज मागेल.

आता भाषांतर. वाचनालयाच्या वरच्या खोलीत संध्याकाळी स्पॅनिशचा वर्ग भरे. मिस्तरी तिथल्या खिडकीशी गेले आणि म्हणाले, "मला फक्त मदत मागण्याचा धडा हवाय." खिडकीतल्या माणसानं पुस्तक चाळून सांगितलं, की तो धडा फळं, रंग, नातेवाईक आणि हवामान यांच्यानंतर येतो. मधलं वगळता येत नाही. खास बाब म्हणून वगळायचं असेल तर वर्गाच्या बाईंना तशी विनंती करावी लागेल. मिस्तरींनी विनंती करण्यापेक्षा फळं शिकणं पसंत केलं.

वर्गाच्या बाई त्यांच्या धाकट्या भाचीच्या वयाच्या होत्या. फळं, रंग, नातेवाईक पार पडले. हवामानाच्या तासाला बाई म्हणाल्या, "आता जोड्यांनी संवाद म्हणायचाय. काका, तुम्ही यांना सांगा, पाऊस पडतोय आणि माझी छत्री हरवली आहे."

"माझी छत्री हरवलेली नाही."

"हो, पण समजा."

"मी छत्री हरवत नाही, बाई. हे माझ्या घरी कुणालाही विचारा."

बाईंनी ती छत्री दुसऱ्या विद्यार्थ्याला हरवायला लावली. तास संपल्यावर मिस्तरींनी खिशातून मसुदा काढून त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी तो वाचला, मग मिस्तरींकडे पाहिलं, मग पुन्हा वाचला.

"काका, एवढ्याची गरज नाही. नुसतं मदत करता का, एवढं म्हटलं तरी चालतं."

मिस्तरी दुखावले. एवढ्यावर तर साधी पाण्याची जोडणीसुद्धा मिळत नाही. "बाई," ते म्हणाले, "तुम्ही अजून लहान आहात."

बाईंनी पुढे वाद घातला नाही. प्रत्येक शब्द तोलून त्यांनी जुन्या दरबारी वळणाचं स्पॅनिश काढून दिलं आणि उच्चार मराठी अक्षरांत लिहिले. 'कोन एल देबिदो रेस्पेतो', म्हणजे सविनय आदरपूर्वक, इथून सुरू होऊन ते 'सु आतेंतो ई सेगुरो सेर्विदोर', म्हणजे आज्ञाधारक सेवक, इथं येऊन टेकत होतं. मध्ये श्वास घ्यायला तीन जागा होत्या.

मग पाठांतर सुरू झालं. मिस्तरी दाढी करताना अर्ज म्हणत, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालताना म्हणत. एके दिवशी बायको कपडे वाळत घालता घालता थबकली.

"काय म्हणताय एवढं?"

"मदत मागतोय."

"कुंडीकडे?" ती म्हणाली. "इतक्या वर्षांत मला कधी 'जरा ते दे' म्हणाला नाहीत. 'ते कुठंय?' एवढंच विचारता. मग मी उठायचं, शोधायचं, आणून द्यायचं. आणि विहीणबाईंना आदरपूर्वक!"

"ते स्पॅनिशमध्ये आहे," मिस्तरी म्हणाले. याहून चांगला खुलासा त्यांना सुचला नाही.

यथावकाश विहीणबाई आल्या. उंच, शांत, पांढऱ्या केसांच्या बाई. पहिल्याच दिवशी कप्तान भेटायला आले आणि "प्रवास कसा झाला?" असं त्यांच्या कानाशी असं काही ओरडले, की त्या दोन पावलं मागं सरल्या आणि पुढे कप्तानांना लांबून बघूनच हात जोडू लागल्या. बायकोचं आणि त्यांचं मात्र पहिल्या तासाभरातच जमलं. एक मराठी बोले, दुसरी स्पॅनिश, आणि दोघी मिळून नवऱ्यांबद्दल बोलत आहेत हे कुणालाही कळे.

अर्ज तोंडपाठ होता. अर्जदारही तयार होता. नव्हती ती अडचण. मिस्तरींनी हेडक्लार्कांना विचारलं, उगाच एखादी काढावी काय? हेडक्लार्कांनी कानांवर हात ठेवले. "खोट्या कारणाचा अर्ज? मग तो फौजदारीत जातो." आणि खरी अडचण मिस्तरी स्वतःवर येऊ देत नसत. भरणी उघडेना तर ते ती न उघडता ठेवून देत. विळी उंच फळीवर असली तर 'आज चिरायचं नाही' असं ठरवत. दिवस चालले. भाड्याच्या घराची किल्ली घ्यायची वेळ आली. मुलानं सामान खोक्यांत भरायला सुरुवात केली. खोकी दारामागं एकावर एक चढत होती. तिथून येता-जाता मिस्तरी त्यांच्याकडे बघत नसत.

किल्ली घ्यायच्या आदल्या दिवशी बायको सुनेला घेऊन तपासणीला गेली. मुलगा कामावर होता. घरात राहिले मिस्तरी आणि विहीणबाई. विहीणबाई पुढच्या खोलीत बाळासाठी काहीतरी विणत होत्या. मिस्तरी स्वयंपाकघरात गेले, तर भांडी घासायच्या सिंकखालच्या कपाटातला पाइप ठिबकत होता.

आता अशा कामाआधी पाण्याची मुख्य चावी बंद करतात. ती बाहेर पॅसेजमध्ये होती. पण चावी बंद करून पाइप खोलणं हे नवशिक्यांचं काम, असं मिस्तरींचं मत होतं. जाणता माणूस पाणी चालू ठेवून जोड बदलतो. पाण्याला कळतसुद्धा नाही. ते पाठीवर झोपले, कमरेपर्यंत कपाटात शिरले आणि त्यांनी पाना लावला.

पाण्याला कळलं.

जोड निघून त्यांच्या छातीवर पडला आणि पाइपमधून असा फवारा आला, की मिस्तरींना क्षणभर आपण पुन्हा नोकरीत असल्यासारखं वाटलं. त्यांनी उजव्या हाताचा अंगठा भोकात कोंबला. फवारा थांबला, पण कडेनं धार लागली. अंगठा काढला तर घर पाण्यात जाणार, नाही काढला तर मिस्तरी इथंच राहणार. कपाटाच्या अंधारात पडल्या पडल्या त्यांच्या लक्षात आलं, की हीच ती. रीतसर, खरी, कुठल्याही तपासणीत टिकेल अशी अडचण.

त्यांनी घसा साफ केला.

"कोन एल देबिदो रेस्पेतो," ते म्हणाले.

पुढच्या खोलीतल्या सुया थांबल्या. विहीणबाई दारात आल्या. त्यांना दिसले ते कपाटातून बाहेर आलेले दोन पाय आणि जमिनीवर पसरत चाललेलं पाणी. आतून खोल, कापऱ्या आवाजात व्याह्यांचं बोलणं चालू होतं. मिस्तरींनी एक शब्द गाळला नाही. श्वासाच्या तिन्ही जागा पाळल्या. तसदीबद्दल क्षमा मागताना नाकात पाणी गेल्यानं त्यांचा आवाज घोगरा झाला, पण ते थांबले नाहीत. आज्ञाधारक सेवकापाशी पोचले आणि समाधानानं डोळे मिटून मंजुरीची वाट बघू लागले.

तेवढ्यात त्यांना जाणवलं, की अर्जात एक उणीव राहून गेली आहे. मदत मागितली होती, पण कसली, हे त्यात कुठंच नव्हतं. आणि पॅसेज, चावी, बंद करा, यांतला एकही शब्द फळं, रंग, नातेवाईक आणि हवामान यांत आला नव्हता.

विहीणबाई गुडघ्यावर बसल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्यांनी एक उशी आणून व्याह्यांच्या डोक्याखाली सरकवली, त्यांचा मोकळा डावा हात आपल्या एका हातात घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं मुलीला फोन लावला.

मिस्तरींकडे आता एकही हात उरला नाही.

खाली हेडक्लार्कांच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं होतं. ते वर धावत आले नाहीत. टेबलाशी बसून त्यांनी आधी अर्ज लिहिला, 'छतातून होणाऱ्या गळतीबाबत', आणि तो घेऊन वर आले, तोवर जिन्यात सुनेनं फोन करून बोलावलेल्या रुग्णवाहिकेचा माणूस स्ट्रेचर घेऊन चढत होता. हेडक्लार्कांनी त्याला वाट दिली आणि अर्ज घेऊन रांगेत मागं उभे राहिले.

"पेशंट कोण?" रुग्णवाहिकेच्या माणसानं विचारलं.

"इथं पेशंट नाही," कपाटातून आवाज आला.

"आम्हाला सांगितलंय, शेवटची घटका आहे. तुम्ही अखेरचं बोललात."

"मी अर्ज केला."

त्यानं खाली वाकून बघितलं. "मग येत नाही म्हणून सही द्या. आम्हाला सहीशिवाय जाता येत नाही."

"उजवा हात पाइपात आहे."

"डाव्यानं करा."

"तो यांच्याकडे आहे."

विहीणबाईंनी हात आणखी घट्ट धरला.

"बाहेर पॅसेजमध्ये चावी आहे," मिस्तरी म्हणाले, आणि तिथंच थांबले. यापुढचे दोन शब्द मराठीत होते. सोपे होते. ते त्यांच्या तोंडापर्यंत आले आणि परत गेले.

"असेल," रुग्णवाहिकेचा माणूस म्हणाला. "आम्ही फक्त माणसं उचलतो."

तेवढ्यात जिन्यात धावपळ झाली. बायको पुढं, मागं जिन्याचा कठडा धरत सून, त्यांच्यामागं कामावरून धापा टाकत आलेला मुलगा. बायकोनं दारातूनच पाणी, पाय, पाना आणि विहीणबाई एका नजरेत बघितलं. ती मागं वळली, पॅसेजमध्ये गेली, चावी बंद केली आणि मगच आत येऊन रडायला बसली.

मिस्तरींना बाहेर ओढून खुर्चीवर बसवलं. अंगठा पांढराफटक पडला होता, बाकी ते ठणठणीत होते. रुग्णवाहिकेचा माणूस सही घेऊन गेला. हेडक्लार्कांनी त्याच पेनानं आपल्या अर्जावर मिस्तरींची सही घेऊन पोच मिळवली आणि जाता जाता हळूच विचारलं, "विषय म्हणालात ना आधी?"

सुनेनं आईशी बराच वेळ बोलून सगळा उलगडा केला. "आईला शब्द न् शब्द कळला, बाबा. असं बोलणं तिनं आयुष्यात फक्त तिच्या आजोबांच्या तोंडून ऐकलं होतं. आणि त्यानंतर ते तासाभरात गेले."

मुलानं डोक्याला हात लावला. "अहो बाबा, खाली माणसं राहतात, समोर राहतात. 'चावी बंद करा' एवढं ओरडायचं होतं मराठीत!"

मिस्तरी ओल्या धोतराचा काठ पिळत होते. "मराठीत मागितलं की मीच मागितल्यासारखं वाटतं," ते म्हणाले.

सुनेनं त्यांच्यापुढे कोरडा पंचा धरला.

"बरं, पण मागितली मी," तो घेत ते म्हणाले. "रीतसर. तुझा शब्द होता."

मुलाच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, की अशी मदत मागणाऱ्या माणसाजवळ तो बाळ तर सोडाच, कुंडीसुद्धा ठेवणार नाही. पण विहीणबाई मध्येच बोलायला लागल्या. दारामागच्या खोक्यांकडे बोट दाखवत, मग मिस्तरींकडे, मग सुनेच्या पोटाकडे. आवाज चढला नव्हता, पण त्यात फिरवाफिरवीला जागा नव्हती.

"आई म्हणते, ती भाड्याच्या घरी येणार नाही," सून म्हणाली. "बाळ आणि बाबा एकाच घरात असायला पाहिजेत. म्हणजे तिला दोघांवर लक्ष ठेवता येईल."

मिस्तरींना पाहिजे होतं तेच मिळालं होतं, पण या कारणानं मिळायला नको होतं. "मी काय तान्हं मूल आहे?" त्यांनी विचारलं.

सुनेनं ते आईला सांगितलं. विहीणबाईंनी मिस्तरींकडे नीट पाहिलं आणि अगदी थोडक्यात उत्तर दिलं. सून हसायला लागली.

"काय म्हणाल्या?"

"नाही म्हणाली. तान्हं मूल निदान रडतं."

मुलानं फोन काढला आणि घर नको असं घरमालकाला कळवलं. बायकोनं पाणी पुसायला घेतलं. मिस्तरी उठले, कोरडे कपडे घालून आले आणि कुणी न सांगता दारामागची खोकी आत न्यायला लागले. कपड्यांचं नेलं, अंथरुणांचं नेलं. मग आलं भांड्यांचं. त्यांनी ते एका बाजूनं उचलून बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं, खाली ठेवलं. बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले.

"अहो," ते भिंतीकडे बघत म्हणाले, "कुणी जरा याला हात लावता का?"

बायकोच्या हातातलं फडकं गळून पडलं. मुलगा पुढं झाला, पण त्यानं हात लावला तो खोक्याला नाही, बापाच्या कपाळाला. आणि सुनेनं पुन्हा रुग्णवाहिकेचा नंबर शोधायला घेतला.